मास्तरांना दिलेलं झेंडूचं तेल

खालचे शिंपी मास्तर गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, सकाळी चहा ओतता ओतता मावशीने मला विचारलं, "दुपारी खालून मशीन ऐकू येते का गं तुला?"

"मी दुपारी घरी असते का?" मी म्हटलं. मी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, साडेनऊला निघते ती सातला परतते. "आणि कुठली मशीन? दुकान बंद आहे ना."

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली. कप भरून चहा बशीत उतरला होता, तरी ती ओततच होती.

ही माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "वेळच मिळाला नाही, गिऱ्हाईकं फार होती." बावीस वर्षं ती एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी होती. मालक थकले, दुकान विकलं गेलं आणि मावशी घरी बसली. घरी म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली शिंपी मास्तरांचं दुकान, मागच्या बाजूला एक चिंचोळा बोळ, आणि रस्त्याकडे तोंड करून दिवसभर ऊन खाणारी एक रुंद खिडकी. नोकरीसाठी मी या शहरात आले तेव्हापासून तिच्याकडेच राहते.

दुकान सुटलं तेव्हा मावशीचे हात बघवत नव्हते. वर्षानुवर्षं बाटल्या धुवून आणि खोकी फोडून बोटांची कातडी चिरलेली. विकतची मलमं लावून ती कंटाळली, आणि कोणाचं तरी ऐकून झेंडूच्या पाकळ्यांचं तेल करायला बसली. ते साधलं. मग गुलाबाचं केलं, मग पुदिन्याचं. मावशीचं काम म्हणजे काम असे. पाकळ्या खुडून जुन्या चादरीवर सावलीत पसरायच्या, आठ-दहा दिवस रोज हलवायच्या. मुठीत धरल्यावर कागदासारख्या कुरकुरल्या की मगच वाळल्या असं धरायचं. बरणी उकळून, उन्हात वाळवून, वर पुन्हा कोरड्या फडक्याने पुसायची. "पाण्याचा एक थेंब राहिला की बरणी गेलीच समज. वरून कळत नाही, आतून कुजते," ती मला सांगायची. मग दोन भाग पाकळ्या आणि वर बुडेपर्यंत तिळाचं तेल. सहा आठवडे खिडकीत ठेवायचं, रोज एकदा हलवायचं. शेवटी मलमलीतून गाळून, दोन दिवस निवळू देऊन गडद रंगाच्या बाटल्यांत भरायचं आणि वर तारखेची चिठ्ठी चिकटवायची.

रस्त्यावरून बघणाऱ्याला खिडकीत ओळीने पिवळ्या, तांबूस, हिरवट बरण्या दिसायच्या. त्यावरून आळीत तिचं नावच पडलं, बरणीताई. बायका हातापायांच्या भेगा घेऊन यायच्या, टाचा घेऊन यायच्या, बाळांची कोरडी गालफडं घेऊन यायच्या. मावशी चष्मा कपाळावर चढवून बघायची आणि बाटली काढून द्यायची. ती औषधाच्या दुकानात होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. काउंटरमागे उभं राहून डॉक्टर होता येत नाही हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही.

मास्तर वर्षानुवर्षांचे शेजारी. बुटके, बोलके, कानामागे खडूचा तुकडा. उन्हाळा असो वा हिवाळा, मशीनवर बसताना उजवी चप्पल काढून ठेवायचे. म्हणायचे, "पायडलला कातडी लागली पाहिजे, नाहीतर कापड कळत नाही." एका रविवारी मावशीच्या झग्याचं माप घ्यायला ते वर आले आणि जाता जाता म्हणाले, "ताई, तुमच्याकडे पायासाठी काही आहे का? घट्टा पडलाय. पायडलचा असणार."

त्यांनी दारातच उजवा पाय वर करून दाखवला. अंगठ्याच्या खाली, तळव्याला, एक डाग होता. उतू गेलेल्या चहाचा ओघळ वाळावा तसा, कडेने वेडावाकडा. मी तिथेच होते. दोन डोळे मलाही होते, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

मावशीने दोन हात अंतरावरून पाहिलं. "घट्टाच आहे. हे झेंडूचं घ्या, झोपताना लावा, वर मोजा घाला. जाईल हळूहळू."

एवढंच. त्यानंतर सात महिन्यांत मास्तरांनी सहा बाटल्या नेल्या. दर वेळी ती विचारायची, "कसं आहे?" दर वेळी ते सांगायचे, "मऊ पडलंय." तेही खरंच होतं. आजूबाजूची कातडी लोण्यासारखी मऊ पडली होती. मावशीने पुन्हा एकदाही पाय दाखवायला सांगितलं नाही.

मधे कधीतरी मशीनचा आवाज बदलला. वर्षानुवर्षं तो आमच्या जमिनीतून एकसारखा यायचा, पाऊस लागावा तसा. आता तो अडखळायला लागला. खटखटखट, थांब, खट, थांब. मावशी म्हणाली, "मास्तर म्हातारे झाले." ते डाव्या पायाने पायडल मारायला लागले होते. जांघेत गाठ आली तेव्हा घरच्यांनी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तो घट्टा नव्हता. डाग कातडीतून आत शिरून वर सरकत गेला होता. डॉक्टरांनी कॅन्सरचं नाव घेतलं, ते मावशीने काउंटरमागे बावीस वर्षांत शेकडो कागदांवर वाचलं होतं.

दवाखान्यात आम्ही दोघी भेटायला गेलो. त्यांचा उजवा पाय पुढून कापला होता. मावशी खाटेवरची चादर सरळ करत राहिली. तेच म्हणाले, "काय ताई, जन्मभर लोकांच्या कपड्यांना मार्जिन सोडत आलो. डॉक्टरांनी माझा पायच मार्जिन सोडून कापला." मी हसले, कारण हसणं भाग होतं. मग ते म्हणाले, "पुढच्या वेळी तेल आणा हो. इथल्या हवेने दुसरा पाय फार कोरडा पडतो."

मावशीने दुसऱ्या दिवशी तेल नेलं. खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांच्या डाव्या पायाला, टाचेला, बोटांच्या बेचक्यांत चोळलं. चोळताना ती तळव्यावरची प्रत्येक रेघ न्याहाळत होती. त्यांच्या बायकोने, काकूंनी, खिडकीपाशी उभं राहून ते सगळं पाहिलं.

चार महिन्यांनी मास्तर गेले.

मशीनबद्दलचा तो प्रश्न यानंतरचा. मी काही तो मनावर घेतला नाही. माणूस गेल्यावर सवयीचे आवाज कानात राहतात, असं मला वाटलं. पण मावशी दिवसेंदिवस आटत चालली. खिडकीतल्या बरण्या गाळायची वेळ होऊन गेली तरी तिने त्यांना हात लावला नाही. तेल काळपट झालं, झाकण न उघडताही खवट वास यायला लागला. कोणी दार वाजवलं तर ती आतूनच म्हणायची, "संपलं." दुपारी अडीच वाजले की ती पिशवी घेऊन बाहेर पडायची आणि वाचनालयात वर्तमानपत्र समोर धरून साडेचारपर्यंत बसायची. हे मला वाचनालयातल्या बाईंनी सांगितलं, "तुमच्या मावशी पान उलटत नाहीत हो," म्हणून. एकदा मी कामावरून आले तर ती जमिनीवर बसून, माझा हातआरसा घेऊन, स्वतःचे तळपाय बघत होती.

"मावशी, काय चाललंय हे?"

"काही नाही. बघतेय."

"दुपारी आवाज येतो म्हणालीस, तो अजून येतो?"

तिने आरसा पालथा ठेवला. "घरी असले की रोज. तीनच्या सुमाराला. सरळ चालत नाही गं, अडखळतो. डाव्या पायाने चालवल्यासारखा. मी कानात कापूस घालून बघितला, रेडिओ लावून बघितला. तो कानातून येतच नाही, जमिनीतून येतो. पायाला लागतो."

मी म्हटलं, "उद्या मी सुट्टी घेते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जेवून बसलो. पंखा बंद केला. रस्त्यावर दुपारची सामसूम होती. तीन वाजून गेले, आणि मी हसत काहीतरी बोलणार, तोच माझ्या अनवाणी पायांखाली जमीन थरथरली. खट. खटखट. थांब. खट.

मी मावशीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपण खोटं बोलत नव्हतो हे सिद्ध झाल्याचं समाधान होतं, आणि तेच जास्त भीतिदायक वाटलं मला.

मी खिडकीतून वाकून पाहिलं. शटर खाली होतं, कुलूप बाहेरून लागलेलं. "मागच्या बोळातून बघू," मी म्हटलं. मावशी मानेनेच नको म्हणाली, आणि लगेच उठून माझ्या आधी जिना उतरायला लागली. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

बोळातलं दार नुसतं लोटलेलं होतं. मावशीने ते ढकललं.

आत अंधूक उजेड होता. मशीनवर काकू बसल्या होत्या. समोर कापड नव्हतं, सुईत दोरा नव्हता. सुईखाली खाकी कागदाचा एक तुकडा होता, आणि तो इतक्यांदा टोचला गेला होता की त्याची चाळणी झाली होती. काकू पायडल मारत होत्या. जमत नव्हतं. चाक उलटं फिरायचं, त्या थांबायच्या, हाताने सरळ करायच्या, पुन्हा मारायच्या.

"या," त्या मान वर न करता म्हणाल्या. "त्यांनी सांगून ठेवलं होतं, रोज थोडी चालव, नाहीतर जाम होईल. मला कुठे येतंय? आयुष्यभर नुसती काजं-बटणं केली मी."

मावशी गिऱ्हाइकांच्या स्टुलावर मटकन बसली. भिंतीवर मापाच्या फिती तशाच लटकत होत्या. मग मावशी एका दमात म्हणाली, "वहिनी, तो डाग मी पाहिला होता. मी म्हटलं घट्टा आहे. मी म्हटलं तेल लावा. मी पुन्हा बघितलंसुद्धा नाही."

"माहीत आहे मला."

"मला शिव्या द्या तुम्ही."

"शिव्यांनी काही शिवून निघत नाही, ताई." काकूंनी चाकावर हात ठेवला. "तुम्हाला एक दाखवायचं होतं. वर यायचा धीर होत नव्हता."

त्यांनी खणातून मास्तरांची मापं लिहायची वही काढली. तिच्यात एक घडी घातलेला कागद होता. मास्तर खोकला झाला म्हणून आळीतल्या डॉक्टरांकडे गेले होते, तेव्हा त्यांनी लंगडणं पाहून पायही तपासला होता आणि मोठ्या दवाखान्यात तुकडा काढून तपासण्यासाठी चिठ्ठी दिली होती. मावशीने कागद उजेडाकडे धरला. बावीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं लावणारी ती, तिला वाचायला वेळ लागला नाही. तारखेवर तिने अंगठा टेकवला. पहिली बाटली नेल्यानंतर तिसऱ्या महिन्यातली चिठ्ठी होती ती.

"म्हणजे त्यांना सांगितलं होतं डॉक्टरांनी?" मीच विचारलं. माझ्या आवाजात सुटका होती, ती मला लपवता आली नाही.

"सांगितलं होतं. घरी येऊन मला म्हणाले, डॉक्टर काय, उगाच घाबरवतात. वरच्या ताई म्हणाल्यात जाईल हळूहळू. त्या बावीस वर्षं औषधाच्या दुकानात होत्या." काकूंनी कागद परत घेऊन वहीत ठेवला. "मी पण म्हटलं, हो, त्यांना कळतं. तेव्हा माझंही आहेच त्यात."

त्या रागाने बोलत नव्हत्या. रागावल्या असत्या तर मावशीला सोपं गेलं असतं. डॉक्टरांच्या शब्दापेक्षा मास्तरांनी हिचा शब्द वर धरला होता, आणि हे त्या एखादं माप सांगावं तसं सांगत होत्या.

आम्ही निघालो तेव्हा काकूंनी मावशीचा हात धरला. "एक बाटली द्याल? त्यांच्या उशीला तो वास होता. चुकून अभ्रा धुतला गेला."

मावशी वर आली आणि मोरीत जाऊन ओकली.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा खिडकी रिकामी होती. सगळ्या बरण्या तिने ओतून, घासून, उकळत ठेवल्या होत्या. फुलवाल्याकडून झेंडूची टोपली आणली होती. ती पाकळ्या खुडत होती आणि रडत होती. मधेच रडणं थांबवून म्हणायची, "ओलं नको व्हायला." मनगटाने डोळे पुसायची आणि पुन्हा खुडायला लागायची. त्या दहा दिवसांत तिने पाकळ्या किती वेळा हलवल्या असतील देव जाणे. मग एक बरणी भरली, एकच. सहा आठवडे ती खिडकीत एकटी उभी होती. मावशी दुपारी वाचनालयात जायची बंद झाली. तीन वाजता जमीन थरथरायला लागली की ती बरणी हलवायला उठायची.

तेल काकूंना मिळालं. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि "हेच," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मावशीने लोकांसाठीही तेल करायला घेतलं, पण तिची रीत बदलली. दाराशीच तिने एक प्रखर दिवा लावला आणि माझ्या दुकानातून मोठं भिंग आणायला लावलं. कोणी आलं की, "आधी दाखव." नुसत्या भेगा असल्या तरी दाखव. एखादा तीळ, एखादा चट्टा दिसला की बाटली नाही. आधी डॉक्टरांकडे जायचं, त्यांची चिठ्ठी आणायची. लोक वैतागले. एक बसचालक म्हणाला, "बरणीताई, ओठ फुटलेत माझे, तुम्ही मोजे कसले काढायला लावता?" मोजे काढायला लावून तिने त्याला डॉक्टरांकडे पिटाळलं. काही निघालं नाही. त्याने बसथांब्यावर सगळ्यांना ती गोष्ट हसत सांगितली. बायका दुसरीकडून तेल घ्यायला लागल्या.

एका शिक्षिकेच्या पाठीवरचा डाग मात्र खरंच वाईट निघाला, आणि वेळेत निघाला. ती फळं घेऊन आली, मावशीच्या गळ्यात पडली. मला वाटलं, आता तरी हिच्या मनावरचं ओझं हलकं होईल. बाई गेल्यावर मी तसं म्हटलंही. मावशी म्हणाली, "तिचं तिच्या जागी. ही काय उसनवारी आहे, एक गेला एक परत आला म्हणायला?"

वर्षभराने काकू भावाकडे राहायला गेल्या, दूर, दुसऱ्या गावी. मशीन टेम्पोत चढवताना मावशी खाली उभी होती. दुकानात नंतर झेरॉक्सवाला आला. त्याच्या यंत्राचा आवाज वेगळा, घूं असा. तरी मावशी दुपारी तीनला बोलता बोलता थांबते. पाय चपलेतून काढून फरशीवर ठेवते. मी विचारत नाही. एकदा मीही पाय काढून ठेवले होते. मला काही जाणवलं नाही, पण मी तिला तसं सांगितलं नाही.

काकूंना ती दर तीन महिन्यांनी टपालाने बाटली पाठवायची. खोक्यात जुनी मलमल कोंबून, गळू नये म्हणून बुचावर मेण ओतून. असं चार वर्षं चाललं. परवाच्या हिवाळ्यात बाटली पोचल्यावर काकूंचा फोन आला. मावशीला आताशा कमी ऐकू येतं, म्हणून तिने आवाज मोठा केला होता. मला सगळं ऐकू आलं.

"ताई, राग मानू नका. आता पाठवू नका तेल."

"का हो? खवट निघालं का?"

"नाही, चांगलं आहे. पण आता झाकण उघडलं की मला ते आठवत नाहीत. तुम्हीच आठवता."

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडून काकूंचा श्वास ऐकू येत होता.

"मी विसरायला लागलेय त्यांना," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही काही मला विसरू देत नाही. असं झालंय."

"बरं," मावशी म्हणाली. "नाही पाठवत."

"फोन करत जा वाटलं तर. तेल नको."

खिडकीत त्यांच्या नावची पुढची बरणी होती, पाचवा आठवडा चालू होता. मावशीने ती सहा आठवडे होईपर्यंत रोज हलवली, नेमाने गाळली, निवळली आणि बाटल्या भरल्या. मग त्या कपाटात ठेवून दिल्या. मला घे म्हणाली नाही, कोणालाही दिल्या नाहीत.

दोन महिने तिने फोन केला नाही. मग एका रविवारी आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून, केला. बराच वेळ बोलत होती. मधे एकदा ती हसल्याचा आवाज आला, इतका अनोळखी की मी हातातलं काम थांबवलं. नंतर तिचा आवाज इतका हळू झाला की शब्द कळेनात. मी दारापाशी गेले, पण उघडलं नाही.